आठ ग्रॅमचे पाहुणे



तुमच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘कॅनडा’ असं छापलं आहे. तिथे मी नोकरी करते, पण त्याबद्दल आज बोलणार नाही. दर वसंतात सुट्टी काढून मी जे काम बिनपगारी करते, त्याबद्दल बोलणार आहे, कारण माझा जीव त्यात आहे.

ऑन्टारिओ प्रांताच्या दक्षिणेला ईरी नावाचं सरोवर आहे. सरोवर म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ दिसत नाही. त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून वाळूची एक निमुळती पट्टी सुमारे ४० किलोमीटर पाण्यात गेली आहे. तिचं नाव लाँग पॉइंट. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढलेले छोटे गाणारे पक्षी एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेच्या जंगलांकडे परततात. त्यांतले बहुतेक रात्री उडतात. अख्खं सरोवर ओलांडून दमलेल्या पक्ष्यांना पहाटे जी पहिली जमीन दिसते, ती ही पट्टी. रात्री पाऊस किंवा समोरचा वारा लागला असेल, तर सकाळी एकेका झुडपात इतके पक्षी उतरलेले असतात की कुठे बघावं ते कळत नाही. १९६० साली ऑन्टारिओतल्या हौशी पक्षीअभ्यासकांनी इथे केंद्र सुरू केलं, आणि तेव्हापासून ते स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलं आहे. कोणी निवृत्त परिचारिका, कोणी सुतार, कोणी कॉलेजातली मुलगी.

काम कसं चालतं, ते नीट सांगते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी जाळ्या उघडायच्या. १२ मीटर लांब, अडीच मीटरहून थोड्या उंच, काळ्या आणि इतक्या बारीक धाग्याच्या की झाडीपुढे दिसतच नाहीत. आडव्या दोऱ्यांनी त्यांचे खण पाडलेले असतात. पक्षी जाळीला लागला की खालच्या सैल झोळीत अलगद पडतो. दर अर्ध्या तासाने, कधी त्याहूनही लवकर, प्रत्येक जाळीवर फेरी मारायची. पक्षी कोणत्या बाजूने आत शिरला ते आधी ओळखायचं, मग पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. हे जमायला फार सराव लागतो. नवख्या माणसाच्या हातात पहिल्या दिवशी कोणी पक्षी देत नाही, आणि ते योग्यच आहे.

सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत घालून टेबलापाशी आणायचा. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली. मग त्याच्या पायाच्या मापाची ॲल्युमिनियमची रिंग खास पकडीने बंद करायची. तिच्यावर एक क्रमांक असतो, जो जगात दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याच्या पायात नसतो. पंखाची लांबी पट्टीवर मोजायची. मग छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर घालायची. पिसं बाजूला होतात, खालची कातडी पारदर्शक असते, आणि गळ्याखालच्या खळग्यात पिवळसर चरबी साठली आहे का ते सरळ दिसतं. चरबी म्हणजे त्याच्या पुढच्या प्रवासाचं इंधन. काहींचा खळगा भरलेला असतो, काहींचा साफ रिकामा. रिकामा दिसला की माझ्या पोटात कालवतं. शेवटी वजन. मॅग्नोलिया वॉर्बलर नावाचा पिवळाधमक पक्षी आहे, तो साधारण आठ ग्रॅम भरतो. तुमच्या खिशातलं दहा रुपयांचं नाणं जवळपास तेवढंच असतं. एवढ्या जिवाने मध्य अमेरिकेपासून इथवर मजल मारलेली असते! मग ओंजळ उघडायची, आणि तो गेला.

मी जेव्हा नवी होते, तेव्हा माझं काम फक्त लिहिण्याचं होतं. रिंग घालणारा क्रमांक मोठ्याने वाचतो, लिहिणारा तो लिहितो आणि परत मोठ्याने वाचून दाखवतो. मला ते काम आजही सगळ्यांत मोलाचं वाटतं. एक आकडा चुकला तर तो पक्षी वहीत राहत नाही, तिथे भलताच कोणीतरी येतो. त्या पक्ष्याने केलेला प्रवास कागदावरून पुसला जातो आणि ते कोणाला कधी कळतही नाही. म्हणून थंडीने बोटं बधिर झाली तरी अक्षर सुवाच्यच काढायचं.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, एवढं करून ते पक्षी परत सापडतात का? खरं सांगायचं तर फारच थोडे. रिंग घातलेला छोटा पक्षी पुन्हा कोणाच्या हाती लागणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. पण जे सापडतात, ते फार मोठं काही सांगून जातात. दोन दिवसांनी तोच पक्षी पुन्हा जाळीत आला आणि त्याचं वजन वाढलेलं दिसलं, तर कळतं की या पट्टीवर त्याला पोटभर अळ्या मिळाल्या, ही जागा राखली पाहिजे. ब्लॅकपोल वॉर्बलर नावाचा सुमारे बारा ग्रॅमचा पक्षी शरद ऋतूत दक्षिणेला जाताना अटलांटिक महासागरावरून जात असावा, अशी शंका कित्येक वर्षं होती. मग अभ्यासकांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर अर्ध्या ग्रॅमची नोंदयंत्रं बसवली. ती वाचायची तर तोच पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा पकडायला हवा. पाच पक्षी परत मिळाले. २०१५ साली प्रसिद्ध झालं की ते दोन-तीन दिवस कुठेही न उतरता २,२७० ते २,७७० किलोमीटर समुद्रावरून उडाले होते.

पक्ष्यांना रिंग घालण्याची पद्धतशीर सुरुवात कोणी केली, हे शाळेच्या या व्यासपीठावरून आवर्जून सांगायला हवं. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावात मॉर्टेन्सन नावाचे एक शाळामास्तर होते. १८९९ साली त्यांनी क्रमांक आणि पत्ता कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगा स्वतः तयार केल्या आणि १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात घातल्या. पुढे इंग्लंडमध्ये १९११ सालच्या मे महिन्यात एका वकिलाने आपल्या घरी घरटं केलेल्या पाकोळीला रिंग घातली. डिसेंबर १९१२ मध्ये ती पाकोळी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली, आणि रिंगवरचा पत्ता वाचून तिथल्या माणसाने लंडनला पत्र धाडलं. एक मास्तर, एक वकील, एक अनोळखी पत्रलेखक. त्यांतल्या कोणालाच या कामाचा पगार मिळत नव्हता.

आपला धागाही याला जोडलेला आहे. डॉ. सालिम अली तरुणपणी जर्मनीत शिकायला गेले, तेव्हा हेल्गोलँड बेटावरच्या केंद्रात ते रिंगिंगचं काम शिकले. पुढे कर्नाटकात क्यासनूर जंगलातला ताप पसरला आणि स्थलांतरित पक्षी तो आणतात का, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभर हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. आजही भारतात रिंग घातलेला पक्षी सापडला, तर त्या रिंगवर याच सोसायटीला कळवा, असा मजकूर असतो. असा पक्षी तुम्हाला कधी मेलेला दिसला, तर रिंगवरची प्रत्येक खूण टिपून घ्या, तारीख आणि गाव लिहा आणि कळवा. जिवंत पक्षी मात्र पकडायला जाऊ नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, आणि अननुभवी हातात तो दगावू शकतो. आमच्या केंद्रावरही पाऊस आला, वारा वाढला की जाळ्या बंद होतात. त्या दिवसाची माहिती बुडाली तरी चालेल, पक्ष्याला इजा होता कामा नये.

उत्तर अमेरिकेत १९७० पासून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, असं २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ते दाखवता आलं, कारण हजारो साध्या माणसांनी पन्नास वर्षं इमानाने नोंदी ठेवल्या होत्या. आपल्याकडे अशा नोंदी फार कमी आहेत, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

या दिवसांत तुमच्या ज्वारीच्या शिवारावरून भोरड्यांचे थवे जाताना तुम्ही पाहिले असतील. मॉर्टेन्सन मास्तरांच्या स्टार्लिंगचीच ही भाऊबंद. कणसं खाते म्हणून शेतकरी तिच्यावर गोफण चालवतो, आणि त्याचा राग मला समजतो. पळस-पांगारा फुलला की ती फुलांवर दिसते, आणि मग उन्हाळ्यात मध्य आशियाच्या माळांवर निघून जाते. तुमच्या गावातून शेवटचा थवा कोणत्या तारखेला गेला, हे कोणी लिहून ठेवलं आहे का? मुख्याध्यापिका बाईंशी माझं बोलणं झालं आहे. या वर्षापासून शाळेत एक वही असेल: तारीख, वेळ, जागा, अंदाजे किती पक्षी, आणि पाहणाऱ्याचं नाव. त्यासाठी कुणाला पकडावं लागत नाही, परवानाही लागत नाही.

उद्या रविवार आहे. सकाळी साडेसहाला मी गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर थांबते. ज्यांना यायचं आहे त्यांनी घरी विचारून, स्वेटर घालून यावं. दुर्बिणी माझ्याकडे दोन आहेत, आळीपाळीने बघू. पहिल्या पानावर कोण लिहिणार ते तिथेच ठरवू.