काठमांडूच्या खोऱ्यात: पायऱ्या उतरून पाणी



काशीला गेलेल्या आपल्या बायका हल्ली तिथूनच पुढे पशुपतिनाथ करून येतात. गोरखपूर, मग सोनौलीची सीमा, आणि तिथून डोंगरातून अख्खा दिवस बस. आमच्या गटातल्या अकरा जणी दोन वर्षांमागे फेब्रुवारीत अशाच गेलो होतो. परत आल्यावर जो तो विचारी, दर्शन झालं का? झालं, चांगलं झालं. पण काठमांडूत देवळाच्या रांगेपलीकडेही बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि टूरवाले ते दाखवत नाहीत. ते रुद्राक्षाच्या आणि शालींच्या दुकानात तास-तास बसवतात. म्हणून आज त्याबद्दल बोलते.

आधी गाव कसं आहे ते सांगते. काठमांडूची उंची आपल्या महाबळेश्वराएवढीच आहे, समुद्रापासून साधारण १३५० मीटर. पण महाबळेश्वर डोंगराच्या माथ्यावर आणि काठमांडू डोंगरांच्या मधल्या परातीत. चहूबाजूंनी कडा आणि मधे सपाट, काळी, सुपीक माती. तिथले लोक सांगतात, इथे पूर्वी मोठं तळं होतं; मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर चिरला आणि पाणी वाहून गेलं. भूगर्भवालेही म्हणतात की इथे खरोखरच तळं होतं. ती काळी माती त्याच तळ्याचा गाळ.

या परातीत एक नाही, तीन जुनी शहरं आहेत: काठमांडू, पाटण आणि भक्तपूर. तिथे मल्ल राजांची तीन वेगळी राज्यं होती. आज तू देऊळ बांधलंस, तर उद्या मी त्याहून उंच बांधतो, अशी त्यांची चढाओढ. १७६८-६९ च्या सुमारास गोरख्याच्या पृथ्वीनारायण शहाने तिन्ही जिंकली. भांडणं राजांची, पण देवळं, चौक आणि लाकडावरचं कोरीवकाम आपल्याला बघायला उरलं. १९७९ पासून हे खोरं जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मला सगळ्यात जास्त पाटण आवडलं. तिथल्या राजवाड्याच्या चौकात दगडी कृष्णमंदिर आहे, त्यापुढे गर्दी असते. आम्ही मात्र चौकाच्या कडेला पायऱ्या उतरून खाली गेलो. तिथे मंगा हिटी आहे. हिटी म्हणजे दगडी धारा. आपल्या बारवेसारखं खोल बांधकाम, पण बारवेत पाणी साठतं आणि तिथे ते वाहतं. मगरीच्या तोंडासारख्या तीन कोरीव दगडी नळांतून पाणी पडतं. ही धारा इसवी सन ५७० ची, म्हणजे चौदाशे वर्षांहून जुनी. आम्ही गेलो तेव्हा बायका कळशा, प्लॅस्टिकचे कॅन लावून रांगेत होत्या. आमच्यातली एक जण म्हणाली, "इथं येऊनबी रांगच बघायची का?" सगळ्या हसल्या, पण मग कुणी हललंच नाही.

या धारा चालतात कशा, ते ऐका. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाटाने तळ्यांपर्यंत आणलेलं. या पाटांना राजकुलो म्हणतात. तळ्याचं पाणी जमिनीत मुरायचं, वाळू-खडीतून गाळून निघायचं आणि जमिनीखालच्या नळीने धारेला यायचं. पंप नाही, वीज नाही. खोऱ्यात अशा शेकडो धारा आहेत. त्यातल्या बऱ्याच आज कोरड्या आहेत. कुठे पाट बुजवला, कुठे तळ्यावर इमारत उभी राहिली, कुठे घराचा पाया खणताना नळी तुटली, आणि सगळीकडे खोल बोअर पाडून खालचं पाणी उपसलं. एकट्या माणसाने काही बिघडवलं नाही. ज्याने त्याने आपापल्या दारात थोडं थोडं केलं. आपल्या गावच्या आडाचं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. मी वेगळं सांगत नाही.

मग शहराला पाणी कुठून? मेलम्ची नावाच्या नदीचं पाणी पंचवीस किलोमीटरहून लांब बोगद्यातून आणलं. हे बोलणं वीस वर्षांहून जास्त चाललं होतं. २०२१ च्या मार्चमध्ये पाणी पोचलं, आणि जूनमध्ये पुराने मुखाकडची कामं गाडून टाकली. मोठी योजना वाईट असं मी म्हणत नाही. तिथल्या बायकांनाही नळ हवाच आहे. पण नळ आला म्हणून धारा मोडायची नसते, हे पाटणच्या अल्को हिटीवाल्यांनी ओळखलं. त्यांनी गल्लीची समिती केली, धारेचं पाणी टाकीत साठवलं आणि घरोघर दिलं. शिवाय नेवार लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, एक सण आहे, सिठी नखा. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला, पाऊस तोंडावर आला की विहिरी, तळी, धारा उपसायच्या, गाळ काढायचा आणि मग गोडधोड खायचं. काम आधी, सण नंतर. मला हे फार पटलं.

भक्तपूर शांत आहे. तिथे कुंभारांच्या चौकात ओळीने मडकी वाळत घातलेली असतात आणि म्हाताऱ्या बायका काळं, लाल काठाचं लुगडं नेसून उन्हात बसतात. अगदी आपली चंद्रकळा! तिथलं जुजू धौ म्हणजे मातीच्या भांड्यात लावलेलं गोड, घट्ट दही, ते खाल्ल्याशिवाय येऊ नका. तिथलं न्यातापोल हे पाच मजली देऊळ १७०२ चं. १९३४ चा आणि २०१५ चा, दोन्ही मोठे भूकंप त्याने सोसले.

२०१५ च्या २५ एप्रिलला मात्र बाकी बरंच पडलं. सुमारे नऊ हजार माणसं गेली. ज्या लाकडी मंडपावरून काठमांडूला नाव मिळालं, तो काष्ठमंडपही कोसळला. त्या दिवशी तिथे रक्तदानाचं शिबिर चालू होतं. पुढे तो जुन्या पद्धतीनेच, लाकडाचा, पुन्हा उभारला. राणीपोखरी तळ्याच्या कामात सिमेंट-काँक्रीट घातलं, तेव्हा लोकांनी ओरडा केला आणि ते काम थांबवायला लावलं.

आता पशुपतिनाथ. बागमतीच्या काठावर, एका बाजूला देऊळ, खाली घाटावर चिता. फोटो आतला काढू देत नाहीत, कातड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. नदी बघून वाईट वाटतं. २०१३ पासून लोक शनिवारी जमून तिच्यातला कचरा काढू लागले. शनिवार हा तिथला सुट्टीचा वार.

तिथल्या बायकांशी बोलताना एक गंमत कळली. आपली हरतालिका ती त्यांची तीज! तोच दिवस, तोच कडक उपास. लाल साड्या नेसून इतक्या बायका पशुपतीला येतात की नदीकाठ लाल दिसतो. आदल्या रात्री माहेरी सगळ्या बहिणी मिळून भरपेट जेवतात, त्याला दर म्हणतात. मग गाणी. सासू, नवरा, परदेशी गेलेला भाऊ, कुणाला सोडत नाहीत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचीच बहीण. आणि ऋषिपंचमीला त्याही आघाड्याच्या काड्या वापरतात. पाळीचा विटाळ धुवायचा म्हणून हे व्रत, तिथेही आणि इथेही. मी ते आता करत नाही. तुमचं तुम्ही बघा.

काठमांडूत कुमारीचं घर आहे. लहान मुलीला देवी म्हणून पुजतात, आणि ती वयात आली की देवीपण संपतं. तिला शिक्षणाचा हक्क आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. खिडकीत ती दिसली तर हात जोडा, मोबाईल वर करू नका.

जायचं असेल तर पावसाळा टाळा, घाटात दरडी कोसळतात. दसऱ्यानंतरचे दोन महिने किंवा फेब्रुवारी-मार्च बरे. मतदान ओळखपत्र किंवा पासपोर्ट अस्सल जवळ ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. शंभराच्या नोटा जास्त घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. आणि टूरवाल्याशी पैसे ठरवण्याआधीच सांगा, दुकानं दोन कमी आणि पाटणला अर्धा दिवस जास्त. आम्ही अकरा जणींनी एका सुरात सांगितलं, तेव्हा त्याने ऐकलं.