सेवेचे तास



विद्यार्थ्यांची समाजसेवा सक्तीची असावी की स्वेच्छेची, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर देशापुढे होता. १९५९ मध्ये नेमलेल्या डॉ. चिंतामणराव देशमुख समितीने सक्तीची शिफारस केली. अन्य देशांतील प्रयोग अभ्यासून डॉ. सैयदैन यांनी स्वेच्छेचा कौल दिला. अखेर गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती स्वेच्छेच्या पायावर.

दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण केले की स्वयंसेवकास प्रमाणपत्र लाभते. हिशेब आवश्यकच आहे. परंतु कापड मीटरवर मोजता येते, सेवा तासांवर नव्हे. शिबिरात श्रमदानाने बांधलेला बंधारा पुढील पावसाळ्यात गाळाने भरला, तर तो पाहण्यास कोण जातो? जो जातो, त्याच्या त्या खेपेची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. खरी सेवा मात्र तेथूनच आरंभ पावते.

‘मी नव्हे, तर तुम्ही’ हे या योजनेचे ब्रीद. महाविद्यालयांनी दरवर्षी नवे गाव शोधण्यापेक्षा जुन्याच गावी पुन्हा जावे. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही ज्याची पावले तिकडे वळतात, त्याची सेवा स्वेच्छेची!