डॉक्टरची परीक्षा केव्हा?

नवी मुंबईत नेरूळला आमच्या शेजारची एक मुलगी आहे. साडेचार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम पुरा करून सध्या ती इंटर्नशिपचे वर्ष काढते आहे. परवा खेड्यातल्या आरोग्य केंद्रावरून आली आणि मला म्हणाली, "काका, बाळंतपण बघू की पुस्तक उघडू?" हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. उद्या तुमच्या गावी जो डॉक्टर यायचा, तो याच वर्षात तयार होतो.

आपल्याकडे शिकलेल्याला विद्यापीठाची परीक्षा आणि इंटर्नशिप झाली की वैद्यकीय परिषदेची कायमची नोंदणी मिळते. परदेशात शिकून आलेल्यांना मात्र 2002 पासून निराळी परीक्षा आहे. 300 प्रश्नांत 150 गुण हवेत. मग आमच्या मुलीला घाई कसली? पदव्युत्तर प्रवेशाची! ती परीक्षा डोक्यावर असली की इंटर्न खाटेपाशी उभा राहतो, पण मन क्लासच्या टिपणवहीत. सामुदायिक वैद्यकाचे बारा आठवडे म्हणजे खेडे जवळून पाहण्याची संधी; तीही मग सहीपुरती उरते. मुलांना तरी दोष किती द्यायचा? जागा थोड्या आणि मागणारे फार.

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने यावर एक तोड काढली. साऱ्या देशाला एकच अंतिम परीक्षा. परवानाही तिच्यावर, पदव्युत्तर प्रवेशही तिच्यावर. 2023 च्या नियमांत तिच्या दोन पायऱ्या ठरल्या: लेखी इंटर्नशिपच्या आधी, प्रत्यक्ष हाताची परीक्षा नंतर. त्याच वर्षी जुलैत ती पुढे ढकलली गेली. विद्यार्थ्यांचा विरोध होता, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. सगळ्याच महाविद्यालयांत शिकवणे सारखे नसते. एका परीक्षेवर सारे आयुष्य टांगायचे म्हणजे धास्ती वाटणारच. पण क्रम मला पटतो. वाचायचे ते आधी वाचून व्हावे, मग वर्षभर हात कामाला लागावेत आणि शेवटी त्या हातांचीच परीक्षा व्हावी.

शिक्षकबंधूंनो, तुमचा एखादा विद्यार्थी या वाटेवर असेल तर त्याला एवढे जरूर सांगा, की उजळणी अंतिम वर्षातच उरकून घे. इंटर्नशिपवर ढकलू नकोस.

सोमवारी ती मुलगी पुन्हा केंद्रावर गेली. पिशवीत पुस्तक होतेच. दुपारी रुग्ण ओसरले म्हणजे उघडीन, म्हणाली.