कळ दाबण्याची सक्ती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



गरोदर बाईला वारंवार लघवीला जावे लागते, हे घराघरांत ठाऊक आहे. परंतु चळवळीच्या व्यासपीठावर हा विषय क्वचितच येतो. शरीरधर्म म्हणून त्याची बोळवण होते. वास्तविक शरीरधर्म सर्व स्त्रियांचा सारखा असला, तरी तो पाळण्याची सोय सर्वांना सारखी नाही. प्रश्न राजकीय होतो तो येथे.

प्रथम शास्त्र पाहावे. गर्भ राहिल्यावर संप्रेरकांच्या प्रभावाने शरीरातील रक्त वाढू लागते आणि मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम जवळपास दीडपट होते. त्यातच पहिल्या तीन महिन्यांत वाढते गर्भाशय मूत्राशयावर दाब देते. मधल्या महिन्यांत ते वर सरकते व थोडी उसंत मिळते. अखेरीस बाळाचे डोके खाली उतरते आणि फेऱ्या पुन्हा वाढतात. हा आजार नव्हे. मात्र लघवीला जळजळ, ताप, पाठीत कुशीकडे दुखणे अथवा लघवीतून रक्त ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. कित्येकदा लक्षणेही नसतात. म्हणून गरोदरपणी लघवीची तपासणी आवश्यक असते. उपचार न झाल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि दिवस भरण्यापूर्वीच प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

आता हे शास्त्र उसाच्या फडात नेऊन पाहावे. बीडकडून निघालेले जोडपे म्हणजे मुकादमाच्या वहीतील एक कोयता. उचल आधीच घेतलेली; खाडा झाला की दंड. कोपीला मोरी नाही, संडास नाही. दिवसउजेडी आडोसा मिळत नाही, तेव्हा पोटुशी बाई कळ दाबते आणि पाणी पिणेच कमी करते. डॉक्टर सांगतो, भरपूर पाणी प्या. कामाची अट सांगते, पिऊ नका. संसर्गाला याहून अनुकूल स्थिती कोणती?

1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी स्वतंत्र मुताऱ्या व शौचालये बंधनकारक केली. परंतु ऊस तोडला जातो तो फड कारखान्याच्या आवारात नसतो, आणि तोडणारी माणसे मुकादमाची, असे म्हणून कारखाना हात झटकतो. 1961 च्या प्रसूती-लाभ कायद्याचा आधारही तिच्यापर्यंत असाच पोहोचला नाही.

शहराची कथा फार निराळी नाही. मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध 2011 साली स्त्रियांनी मोहीम उघडली. लाज बाजूला सारून त्यांनी हा शब्द महापालिकेच्या दारात उच्चारला, हे तिचे मोठे यश होय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक फडावर फिरते शौचालय व पिण्याचे पाणी, खर्च कारखान्याचा. कोपीवर जाऊन गरोदर स्त्रियांची तपासणी. कामाच्या वेळात जाण्याची मुभा, तीही मजुरी न कापता.

आणि एक प्रश्न चळवळीने स्वतःलाही विचारावा. मोर्चे निघतात, दिवसदिवस धरणी चालतात. तेथे येणाऱ्या बाईने कोठे जावे, याची व्यवस्था कोणी पाहतो काय? पुढच्या सभेची तयारी करताना मांडवाबरोबर हीही सोय यादीत घालावी.