पोटखराब्यातला वर्षाभू



  जीवशास्त्र शिक्षकांच्या या संमेलनाच्या पत्रिकेत अध्यक्ष म्हणून माझा विषय ‘जिल्ह्यातील उभयचर : एक आढावा’ असा छापला आहे, तेव्हा आढावा आधी उरकतो. पश्चिमेला अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पावसात, बेडकांची चंगळ आहे. इकडे सीनाकाठी बेडूक वर्षातला बराच काळ दिसतच नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच, असे धरून आपण त्याच्या डोक्यावर मुरूम ओततो. आढावा संपला. आता जे बोलायचे म्हणून इतकी वर्षे थांबलो, ते बोलतो.

माझे भांडण एका शब्दाशी आहे : पोटखराबा. सातबाऱ्यावर जिथे पीक येत नाही, तिथे तलाठी हा शब्द लिहितो. खडक, ओघळ, चार महिने पाणी धरणारा खळगा, सगळे त्यात जमा. बेडकाचे घर नेमके तेच. आपल्याकडचा स्फेरोथेका बेडूक पाहा. मागच्या पायाला खुरप्यासारखी कडक गाठ असते. तिने माती उकरत तो उलट्या पावलांनी जमिनीत उतरतो आणि पहिल्या दमदार पावसाला वर येतो. अमरकोशात बेडकाला ‘वर्षाभू’ म्हटले आहे. त्या कोशकाराला जे दिसले, ते आपल्या महसुली दप्तराला अजून दिसलेले नाही. बंगळूरच्या वेशीवरच्या अशाच ओसाड जागेतून २०२० साली या वंशातली नवी जात शास्त्राला मिळाली आणि तिला त्या शहराचेच नाव दिले गेले. जागा पोटखराब्याचीच होती म्हणायची.

आंबोलीचा भेक २००९ साली शास्त्रात नोंदला गेला. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. जांभ्या कातळावरच्या बोट-दोन बोटे खोल पाण्यात, पावसाच्या सुरुवातीलाच तो अंडी घालतो. जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. तोडलेल्या झाडाच्या बदली झाड लावायला कायदा आहे, २०१६ च्या कायद्याने निधीही आहे. कातळावरच्या बोटभर पाण्याच्या बदली काय द्यायचे आणि कोणत्या ठेकेदाराकडून करून घ्यायचे? उलट, बदलीची झाडे लावायला मोकळी जागा शोधतात, तेव्हा बोट पुन्हा पोटखराब्यावरच पडते.

बांधकामाखाली जाणाऱ्या बेडकांच्या डबक्यांवरून सकाळच्या सत्रात दोन तट पडले. एक म्हणाला, आधी पर्यायी तळे खोदा, मग बांधकाम करा. दुसरा म्हणाला, तळे खोदायचे राहू द्या, बेडूकमासे उचलून दुसरीकडे सोडा. दोन्ही बाजूंनी आकडे फेकले गेले. मित्रांनो, मी दोन्ही करून बसलो आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या प्लॉटवर भराव पडणार होता. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या खळग्यातले बेडूकमासे बादल्यांनी नव्या तळ्यात नेले. तळे देखणे होते : सिमेंटचा काठ, मधोमध कारंजे, फलकावर माझे नाव. कोणी म्हणाले, डास होतील. मी स्वतःच्या हाताने गप्पी मासे सोडले. आठ दिवसांत एकही बेडूकमासा उरला नाही. जीवशास्त्र शिकवणारा माणूस मी! पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन गेलो. तळे गप्प होते. डराँव डराँव चालले होते ते कारखान्याच्या गेटबाहेरच्या गटारीत. जुन्या खळग्याचा उतार तिथेच येऊन संपायचा. बेडकांचा नकाशा आमच्यापेक्षा पक्का निघाला.

परदेशचे दाखले देणाऱ्यांनी पुरते द्यावेत. सिडनीत २००० च्या ऑलिम्पिकचे टेनिस जिथे व्हायचे होते, त्या जुन्या वीटखाणीत हिरवा-सोनेरी बेडूक सापडला. टेनिस दुसरीकडे हलवले आणि खाण राखून भोवती नवी तळी केली. टांझानियात किहान्सीच्या धरणाने धबधब्याचे तुषार आटले, म्हणून कृत्रिम तुषार उडवले. तरी तिथला इवलासा भेक २००९ साली निसर्गातून नामशेष ठरला. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत वाढवलेले भेक २०१२ पासून परत सोडावे लागले. मूळ घर राखून शेजारी ओसरी काढली तर ती कामाला येते. घर पाडून नुसती ओसरी बांधणे हा पर्याय नव्हे.

आपल्या जिल्ह्यात शेततळ्यांना तोटा नाही, असे एक वक्ते म्हणाले. मान्य. पण अस्तराच्या प्लास्टिकवर बेडकाच्या पायाचे खुरपे चालत नाही आणि आत पडलेल्या बेडकाला निसरड्या काठावरून वर येता येत नाही. कूपमंडूक म्हणून ज्याला हिणवले, त्याला खरोखरच कूपात टाकायचे काम आपण केले. पाऊस लांबला की त्याचेच लग्न लावतो. १९८७ साली बेडकाच्या पायांची निर्यात बंद झाली. त्याच्या पायाखालची जमीन आपण अजून विकतोच आहोत.

ठराव समितीने माझ्याकडे पाच कामे मागितली आहेत. मला तीनच सुचतात, तीही अर्धवट. प्रत्येक शाळेने आपल्या गावची पावसाळी डबकी नोंदवावीत. बेडकांच्या पाण्यात मासे सोडू नयेत. प्रत्येक औद्योगिक वसाहतीत एक सखल कोपरा फरशीविना राहावा. कोणाला भेटायचे, कोणता अर्ज करायचा, ते तरुणांनी बघावे. माझे अर्ज कुठल्या फाइलीत आहेत, ते मला माहीत नाही.

कारखान्याच्या गेटबाहेरच्या त्या गटारीवर गेल्या वर्षी फरशी बसली. पहिल्या पावसाच्या रात्री सवयीने गेलो. पहारेकऱ्याने विचारले, “काका, काही हरवलंय का?” मी त्याला गप्प राहायची खूण केली. तोही माझ्याबरोबर ओणवा झाला. फरशीखालून आवाज येत होता. एकाचाच.