एक दात गेला, हिशोब तीन दातांचा



बचत गटाच्या बैठकीत आम्ही कर्जाची मागणी लिहून घेतो. बियाणं, शेळी, लेकरांची फी, घरावरचे पत्रे, सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. नांदेड आणि लातूरकडच्या गटांची रजिस्टरं आम्ही नेहमी चाळतो. त्यात एक कारण शोधूनही सापडत नाही, ते म्हणजे बाईचे स्वतःचे दात. आणि बैठकीत समोर बघावं तर चाळिशीतल्या कितीतरी जणी हसताना पदर तोंडावर धरतात. म्हणून आज पडलेल्या दाताच्या जागी दात बसवण्याबद्दल बोलू.

पुढचा दात गेला की लाज वाटते, दाढ गेली की कुणाला दिसतही नाही. पण ज्वारीची भाकरी, शेंगदाणे, हरभरे चावायला दाढच लागते. दाढ नसली की भाकरी वरणात कुस्करून खायची, शेंगा बाजूला सारायच्या, काकडी-मुळा बंद. कामाला बळ देणारं अन्नच ताटातून कमी होतं. शिवाय कडब्याच्या गंजीतून एक पेंढी ओढली की शेजारच्या कलतात, तसं तोंडातही होतं. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे झुकतात, समोरच्या जबड्यातला दात हळूहळू लांब येतो, फटीत अन्न अडकून कीड लागते. एका दाताचं दुखणं असं चार दातांवर जातं.

आधी दोन समज बाजूला ठेवू. वरची दाढ काढली की नजर जाते, असं गावोगाव म्हणतात. ते खरं नाही. डोळ्यानं बघण्याची नस वेगळी, दातांच्या नसा वेगळ्या. दुसरा समज, पोटातलं बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून बाळंतपणात दात जाणारच. हेही खरं नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, रक्त येतं, उलट्यांमुळे दात झिजतात. तेव्हा काळजी घेतली तर दात टिकतात. दात घालवणारी खरी कारणं म्हणजे कीड, हिरड्यांचा आजार आणि आपल्या बायांची मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

आता दात बसवायचे मार्ग. पहिला, काढता-घालता येणारा दात किंवा कवळी. हा स्वस्त, पण रोज काढून धुवावा लागतो. दुसरा ब्रिज. तिसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. तो बहुतेकदा सगळ्यात महाग पडतो.

ब्रिज म्हणजे पूलच. मधला दात नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे दात चारही अंगांनी घासून बारीक करतात. त्यांचं माप घेऊन तीन दातांचा एकसंध तुकडा बनवतात. कडेच्या दोन टोप्या घासलेल्या दातांवर सिमेंटनं पक्क्या बसतात आणि मधला खोटा दात त्यांच्या आधारानं उभा राहतो. म्हणून दात एक गेला तरी काम तीन दातांचं होतं आणि पैसेही बहुतेक ठिकाणी तीन दातांचेच लागतात. ‘एका दाताचे इतके’ ऐकून हो म्हणू नका, ‘सगळे मिळून किती?’ असं विचारा.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. घासलेला चांगला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. शेजारचे दात आणि हिरड्या हा भार पेलतील का? एक्स-रे काढला का? रूट कॅनॉल लागेल का, आणि त्याचे पैसे वेगळे का? माझ्यासाठी ब्रिजऐवजी दुसरं काय चालेल? अगदी शेवटची दाढ गेली असेल तर तिच्या मागं आधाराला दात नसतो, तिथं असा साधा ब्रिज बसत नाही. साखर, बीपी किंवा दिवस गेलेले असतील तर तेही आधीच सांगा.

दात काढल्यावर जखम भरून हिरडी बसायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. त्यानंतर ब्रिजसाठी दोन-तीन खेपा होतात. ऐन काढणीच्या दिवसांत हे काम काढू नका. ब्रिज बसल्यावर खोट्या दाताखालची जागा खास दोऱ्यानं किंवा बारीक ब्रशनं रोज साफ करायची. टोपीला कीड लागत नाही, पण आतल्या दाताला लागते. नीट सांभाळला तर ब्रिज दहा वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतो.

आता इशारा. बाजारात बसून तासाभरात ‘फिक्स दात’ लावून देणारे भेटतात. आमच्या एका गटातल्या मावशींनी असा दात बसवून घेतला. तारेनं बांधून मसाला थापलेला. तो काढता येईना, साफ करता येईना. खाली हिरडी सडली आणि शेजारचे दोन धड दात हलायला लागले. स्वस्तातला एक दात त्यांना तीन दातांना पडला. कायद्यानुसार नोंदणी असलेल्यालाच हा व्यवसाय करता येतो. महाराष्ट्रात ही नोंदणी राज्य दंत परिषदेत होते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

खासगी दवाखाना झेपत नसेल तर लातूरला आणि नांदेडला दंत महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. तिथं शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, खर्च सहसा कमी येतो.

आणि पैसे? समजा गटातून सहा हजार घेतले, दरमहा हजार मुद्दल फेडली आणि व्याज महिना शेकडा दोन असेल, तर सहा महिन्यांत व्याज होतं ४२० रुपये. तेही आपल्याच गटात राहतं. शेळीसाठी कर्ज मागताना आपण मान खाली घालत नाही, मग दातासाठी का घालायची? घरात कुणी म्हणेल, ‘या वयात दात कशाला?’ त्यांना सांगा, भाकरी खायला.

पुढच्या बैठकीत मागण्या लिहून घेताना अध्यक्षांनी एवढं एकदा विचारावं, ‘कुणाला दातासाठी पाहिजे का?’ पहिली बाई हो म्हणेल, मग बाकीच्या बोलतील.