भलं तुझ्याजवळ असो



ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. माझी मुलगी आणि जावई तिथे गॉलवे शहरात राहतात. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा नेमकी ही सुट्टी आली. सकाळी दार वाजलं. शेजारचे आजोबा उभे होते, सत्तरी ओलांडलेले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले बटाटे, मातीसकट. त्यांच्या परसातले, त्या वर्षीचे पहिले. मी 'थँक्यू' म्हणून पुडकं घेतलं. मागून माझा आठ वर्षांचा नातू ओरडला, "आजी, असं नाही! 'गुरेव मा अगत' म्हण!"

मला त्यातलं 'गुरव' एवढंच कळलं. आमच्या गावच्या देवळातले गुरव डोळ्यांसमोर आले आणि माझा चेहरा बघून आजोबा हसले. मग ते नातवाकडे वळले आणि त्याच भाषेत त्याला काहीतरी विचारू लागले. तो अडखळत उत्तरं देत होता. पाच मिनिटं दोघांचं दारातच चाललं होतं आणि मी बटाटे धरून उभी!

ती भाषा आयरिश. तिथल्या शाळांतून ती सर्वांना शिकवतात. 'गुरेव मा अगत' हे त्या भाषेतलं आभार मानणं. पण शब्दशः अर्थ पाहिला तर त्यात आभार कुठेच नाहीत. 'तुझ्याजवळ भलं असो', एवढंच ते वाक्य आहे. जास्त कृतज्ञता वाटली तर 'मीला' हा शब्द मध्ये घालायचा, म्हणजे 'हजार भलं असो'. समोरच्यानं त्यावर म्हणायचं, 'ते बोलूही नकोस'. आपण 'त्यात काय एवढं' म्हणतो, तसंच.

मला गंमत वाटली ती 'जवळ' या शब्दाची. इंग्रजीत माणूस वस्तू बाळगतो, त्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे. आयरिशमध्ये असं क्रियापदच नाही. पुस्तक माझ्याजवळ 'असतं', पैसे माझ्याजवळ 'असतात'. अगदी मराठीसारखं! भूक लागली तर 'माझ्यावर भूक आहे' आणि वाईट वाटलं तर 'माझ्यावर दुःख आहे'. आपल्यालाही भूक 'लागते', दुःख 'होतं'. आपण ते करत नाही. युरोपच्या पार पश्चिम टोकाच्या भाषेत आपल्या घरची वाक्यरचना भेटावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. फरक आहे तो आभारांत. आपल्या 'आभार' या शब्दात 'भार' बसलेला आहे. उपकाराचं ओझं आपण कबूल करतो. आयरिश माणूस ओझ्याचं नावच काढत नाही, सरळ समोरच्याचं भलं चिंततो.

आता त्या बटाट्यांकडे येते. आयरिश भाषेत ऑगस्ट महिन्याचं नावच 'लूनसा'. लू नावाच्या जुन्या देवाचा हा सुगीचा सण, एक ऑगस्टचा. त्यानं हा उत्सव आपल्या पालक-आईच्या, टाल्चूच्या, स्मरणार्थ सुरू केला, अशी कथा आहे. मीथ परगण्यातलं टेलटाउन हे गाव तिच्याच नावाचं. पुढे ख्रिस्ती धर्म आला, तरी माणसं डोंगरावर चढून जायची आणि रानातली निळी बोरं गोळा करायची थांबली नाहीत. मायो परगण्यात क्रोह पॅट्रिक नावाचा 764 मीटर उंचीचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक आजही तो चढतात, काही जण अनवाणी. मारी मॅकनील या विदुषीनं या सणावर 1962 साली जाडजूड ग्रंथ लिहिला. सोमवारच्या सरकारी सुट्टीचा मात्र लू देवाशी काही संबंध नाही. ती बँकांची जुनी सुट्टी, योगायोगानं सुगीच्या तोंडावर येते.

गरीब घरांत जुलै हा उपासमारीचा महिना. जुने बटाटे संपलेले, नवे तयार नाहीत. आपल्याकडे आषाढात कणगी तळाला जाते, तसं. म्हणून सुगीचा पहिला बटाटा म्हणजे पोटाला मिळालेला दिलासा. आणि 1845 साली याच पिकावर करपा आला. पुढची सहा-सात वर्षं दुष्काळ. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. मेले आणि गेले त्यांत आयरिश बोलणारे फार होते, कारण गरिबी त्यांच्याच भागात जास्त होती. उरलेल्यांनी ठरवलं, पोराला इंग्रजी आली तरच पोराचं पोट भरेल. शाळेत आयरिश बोललं की गळ्यातल्या काठीवर खाच पाडायची आणि खाचांच्या हिशेबानं छडी मारायची, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. त्याला पुष्कळदा आई-बापांचीही संमती असे.

आजोबांनी हे सगळं मला पुढे चहा पिताना सांगितलं. त्यांची आई कॉनेमाराची. बहिणीशी ती आयरिश बोलायची, मुलांशी कटाक्षानं इंग्रजी. आजोबा आयरिश शिकले ते शाळेच्या पुस्तकातून. "इतकी वर्षं या गल्लीत राहतो," ते म्हणाले, "पण दारात उभं राहून माझ्याशी ही भाषा बोलणारा तुमचा नातू पहिलाच." 2022 च्या जनगणनेत साडेअठरा लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं लिहिलं. शाळा-कॉलेजाबाहेर रोज बोलणारे भरले सुमारे बहात्तर हजार.

त्याच दुष्काळातली एक गोष्ट. 1847 साली अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीनं आयरिश लोकांसाठी वर्गणी काढली. या जमातीला सोळा वर्षांपूर्वीच स्वतःच्या भूमीतून हुसकायला सुरुवात झाली होती. त्या वाटेवर हजारो माणसं दगावली होती. त्यांनी जमवले 170 डॉलर. आयर्लंड ते विसरलं नाही. कॉर्क परगण्यातल्या मिडलटन गावी पोलादी पिसांचं एक मोठं शिल्प आहे, नऊ पिसं गोलाकार उभी. 2017 साली चॉक्टॉ पाहुण्यांच्या उपस्थितीत त्याचं लोकार्पण झालं. पुढच्याच वर्षी आयर्लंडचे पंतप्रधान ओक्लाहोमाला जाऊन चॉक्टॉ लोकांना भेटले आणि त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करून आले. हे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचं मूळ घराणं आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. 2019 च्या अखेरीस ते त्या गावी येऊनही गेले. 2020 साली कोविडनं नावाहो आणि होपी या दुसऱ्याच जमातींना गाठलं, तेव्हा आयर्लंडमधून सामान्य माणसांनी पैसे पाठवले. चॉक्टॉंनी दिलं होतं ते नावाहोंना परत. हिशेबनीसाला हे पटणार नाही.

त्या दिवशी दार लावल्यावर नातवानं मला विचारलं, "आजी, मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, "धन्यवाद." तो म्हणाला, "पण तू आईला कधी धन्यवाद म्हणत नाहीस. बाबा पण नाही." खरं होतं. सभेत आभार प्रदर्शन असतं, घरात नसतं. "मग कोणी काही दिलं तर काय म्हणता?" मी आठवू लागले. शेजारीण वाटी घेऊन आली की आम्ही म्हणायचो, "अगं, कशाला आणलंस?" पोराला हे आभार वाटेनात. भांडण काढल्यासारखं वाटतं, म्हणाला! गोव्यात 'देव बरें करूं' म्हणतात. तेही 'गुरेव मा अगत'सारखं भलं चिंतणं. पण मी तर देशावरची. मग आठवलं, वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमचा नियम. पण वर्तमानपत्राचा कागद भरून कसा परत करणार? शेवटी त्यातल्याच निम्म्या बटाट्यांची सुकी भाजी केली, कढीपत्ता-हिंग घालून, आणि नातवाच्या हाती डबा पाठवला. डबा दुसऱ्या दिवशी परत आला, आत राजबेरीचा मुरंबा. श्रोतेहो, मी निघेपर्यंत तो डबा काही रिकामा झाला नाही.

तिथे वर्षाच्या सणाला एक वाक्य म्हणतात. पुढल्या खेपेला हाच दिवस बघायला आपण जिवंत असू दे, असा त्याचा अर्थ. आजोबांनी निरोप देताना ते मला म्हणून दाखवलं.

दोन वर्षांनी मी पुन्हा गेले. सुट्टीच्या सकाळी आजोबा पुडकं घेऊन हजर. या वेळी मी तयारीत होते. आयरिशमध्ये अनेकांचे आभार मानताना 'अगत'ऐवजी 'अगिव' म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वडीलधाऱ्या माणसाला 'तुझ्याजवळ' कसं म्हणायचं? म्हणून मोठ्या अदबीनं म्हटलं, "गुरेव मीला मा अगिव."

आजोबांनी वळून मागे पाहिलं, आपल्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून.